पाटावरचा लाल गोळा

रावजीकडून बोलावणं येणार म्हणून वेणूबाई सकाळपासून आपल्या ओटीवर, बोलावणं आलंच तर नवल वाटेल अशा चेहऱ्याने बसली होती. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. हे तांदूळ तिने काल निवडले होते, परवाही. आता त्यांत निवडण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती त्यातले बरे तांदूळ बाजूला काढून पुन्हा त्यांच्यातच मिसळत होती.

समोर, वाटेपलीकडे, रावजीचं घर. आज त्याच्या जनीला बघायला मुंबईचे पाहुणे येणार होते. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसला उतरायचं, तिथून बैलगाडी. दुपारच्या आत यायला हवे. अंगण सारवून झालं होतं, दाराला आंब्याची डहाळी लागली होती, जनीचं तोंड तीनदा धुऊन झालं होतं. सगळं झालं होतं आणि वेणूबाईला बोलावलं नव्हतं; म्हणजे वेणूबाईच्या हिशेबी काहीच झालं नव्हतं.

कोंडखार गावात मुलगी दाखवायची तर मुलगी लागे, पाहुणे लागत आणि वेणूबाईचा मोर लागे. मोर पोह्यांचा. परातीत पिवळ्या पोह्यांचं अंग, ओल्या खोबऱ्याची मान, कोथिंबिरीचा तुरा, आणि मागे करंज्या, लाडू, केळ्याचे काप असा पंख्यासारखा उघडलेला पिसारा. डोळ्याच्या जागी लवंग. पाहुणे आधी परातीकडे बघत, मग एकमेकांकडे, आणि पहिला हात कोणी घालायचा यावर अडून बसत. मोर मोडायला कुणाचा हात धजत नसे. या गडबडीत मुलगी नीट बघायची राहूनच जाई, आणि त्यात गावातल्या बऱ्याच मुलींचं भलं झालं होतं. एकदा पेणकडच्या एका मुलाने मोराचा डोळा चावला. त्यानंतर त्याने जी मान हलवली ती होकाराची की ठसक्याची, हे आजवर ठरलेलं नाही. लग्न मात्र झालं. मुलंही झाली.

लग्न ठरलं की रुखवतही वेणूबाईचंच. त्यात मधोमध तिची लाँच: चकल्यांची, पापडाचं छप्पर, भोंग्यातून कापसाचा धूर. खऱ्या लाँचीपेक्षा ती वेळेवर तयार असे. या सगळ्याचं वेणूबाईला एक नारळ मिळे आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर नवरीच्या आईच्या आधी तिचं नाव निघे. नारळ ती विकून टाकी. नाव ठेवून घेई. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा अंबाजी मिठागरावर, पाऊस सुरू होईपर्यंत तिकडेच. घरी असला तरी तो बोलत नसे, त्यामुळे तिकडे असल्याचा फारसा फरक पडत नसे. बोलायला म्हणून गावात तिला जे काही होतं ते त्या मोरापासून सुरू होई.

इतक्यात शिवदासची बायको नीराबाई टोपली घेऊन रावजीच्या घरात शिरताना दिसली, आणि लगेच येसूबाईचा, म्हणजे रावजीच्या बायकोचा, आवाज आला, "पाट कंचा देऊ? मोठा देऊ?"

पाट. वेणूबाईने सूप खाली ठेवलं. पाट मागितला म्हणजे त्यावर कोणी तरी बसणार, नाही तर काही तरी मांडणार. बसायला अजून पाहुणे आले नव्हते.

तिने एक रिकामी वाटी उचलली. घरात दह्याचं मडकं भरलेलं होतं. त्यावर तिने ताट झाकलं, जणू त्याने ऐकू नये, आणि वाट ओलांडली.

"येसू, विरजान हाय का जरा?"

येसूबाई दारात आडवी आल्यासारखी उभी राहिली. "तुझ्याकडं न्हाय?"

"मांजरानं तोंड घातलं."

वेणूबाईकडे मांजर नव्हतं. येसूबाईला ते ठाऊक होतं. दोघी थोडा वेळ त्या नसलेल्या मांजराचा विचार करत उभ्या राहिल्या.

"तुला सांगनारच होते," येसूबाई शेवटी म्हणाली. "ह्यांचं म्हननं पडलं, पोरगा गोदीत कारकून हाय, रोज साहेबांत उठबस. पोहे काय, सगळीकडंच मिळतात."

"माझे पोहे सगळीकडं मिळतात?"

"तुझे न्हाय गं. पोहे."

आतून नीराबाईने हाक मारली, "वेणूकाकी आल्यात? या ना आत. बघा तरी."

नीराबाई दोन वर्षांपूर्वी माझगावातून लग्न होऊन आली होती. गोल पातळ नेसायची, हसायची फार, आणि कुणाशी वाकडं बोलायची नाही. हे शेवटचं वेणूबाईला सगळ्यात कमी सहन होई. वाकडं बोलली असती तर निदान काही तरी करता आलं असतं. तिचा शिवदास परदेशी जाणाऱ्या बोटीवर खाण्याच्या भांडारात होता. तो रजेवर आला की साबण, डबे आणि असल्या काय काय वस्तू आणी, की ज्या कशाच्या आहेत हे विचारायची गावात कुणाची छाती होत नसे.

माजघरात मोठा पाट मांडला होता. पाट आला म्हणून सवयीने येसूबाईने भोवती रांगोळी काढून टाकली होती. पाटावर केळीचं पान, पानाच्या मधोमध नारळाएवढा एक लालभडक, गुळगुळीत गोळा.

"ह्यो काय भोपळा?" वेणूबाई म्हणाली.

"चीज, काकी. वरून लाल मेण असतं. बोटीवर साहेब लोक जेवण झालं की असं फळीवर मांडून घेतात, बिस्किटांबरोबर. ह्यांनी दोन गोळे आणले होते. एक कापला, एक शोभेला ठेवला. दुधाचंच असतं."

"कवाचं दूध?"

"असेल सहा महिन्यांचं."

"आमच्याकडं असलं दूध म्हशीलाबी दाखवत न्हायत." वेणूबाई वाकली. "ह्या बिस्किटांना भोकं कशी?"

"असतातच."

"मोजून पाडल्यासारखी हायत. उंदीर शिकलेला दिसतो."

नीराबाई खळखळून हसली. वेणूबाईला ती हसायला नको होती.

कारण पाट सुंदर दिसत होता. लाल गोळ्याभोवती पिवळट चीजचे काप, कापांच्या मागे चौकोनी बिस्किटं, मधून मधून काळी करवंदं, कैरीच्या हिरव्या फोडी, ओले काजूगर, आणि चार कोपऱ्यांना चार जास्वंदी. वाईट असतं तर वेणूबाईने त्याला मनापासून चांगलं म्हटलं असतं. शिवाय ते काप. पंख्यासारखे उघडलेले, एकावर एक अर्धे, टोकाला निमुळते. पिसारा तिचा होता. फक्त मोर तेवढा उडून गेला होता आणि त्याच्या जागी हा टकल्या येऊन बसला होता.

डावीकडचं एक बिस्किट मात्र रांगेतून जरासं बाहेर आलं होतं. वेणूबाईची बोटं वाटीवर वळवळली. तिने ते तसंच राहू दिलं. तेवढं तरी वाईट असू दे.

"विरजान देते हां," येसूबाई म्हणाली आणि विसरून गेली, कारण बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. वेणूबाई वाटी घेऊन खांबापाशी उभी राहिली. तिला कुणी या म्हटलं नव्हतं आणि आता जा म्हणायला कुणाला सवड नव्हती.

पाहुणे चार. मुलगा काळूराम, त्याचे दोन चुलते, आणि आत्या ठमाबाई. चुलते बोलत, पण वाक्याच्या शेवटी ठमाबाईकडे बघत; तिने डोळे मिटले की वाक्य पुरं झालं असं समजत. माजघरात घोंगडी अंथरली होती. हातपाय धुऊन सगळे बसले. रावजीने घसा साफ केला आणि नीराबाईने, येसूबाईने मिळून पाट उचलून पुढ्यात आणला. रांगोळी तिथेही नव्याने काढली गेली. सवयीचा हात थांबत नाही.

"घ्या," रावजी म्हणणार होता.

त्याच्या आधी ठमाबाई उठली. तिने डोक्यावरून पदर घेतला, लाल गोळ्यासमोर गुडघे टेकले आणि दोन्ही हात जोडून कपाळ जमिनीला लावलं. चुलत्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही उठले.

दारातला बैल रवंथ करायचा थांबला.

"कंचा देव?" ठमाबाईने हळू आवाजात विचारलं.

रावजी वाशांकडे बघू लागला. येसूबाई रावजीकडे. नीराबाईचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. तिच्या कानाच्या पाळ्या त्या गोळ्याच्या रंगावर चालल्या होत्या.

खांबापाशी वेणूबाईच्या डोक्यात सगळं लख्ख मांडलं गेलं, परातीत मोर मांडला जावा तसं. खायचं आहे म्हणून सांगितलं तर पाहुणे खातील. खाल्लं तर आवडेल, मुंबईचे आहेत. आवडलं तर उद्या विहिरीवर नीराचं नाव. पण देव असेल, तर देवाला कोण खातं? हात जोडतील, फूल वाहतील, आणि सहा महिन्यांचं दूध जसंच्या तसं टोपलीत घालून नीरा घरी नेईल. मग येसू मागल्या दारी येईल, वेनू, चार पोहे भिजव गं लवकर.

"घरचाच हाय," वेणूबाई पुढे होऊन म्हणाली.

"शेंदूर ताजा दिसतो."

"कालच चढवला."

"आला कुठनं?"

वेणूबाईने नीराबाईकडे बघितलं. नीराबाईने भीतभीत खरं तेच सांगितलं, "बोटीतून."

"म्हंजे समुद्रातनं," ठमाबाई चुलत्यांना म्हणाली. "आपल्याकडं देव समुद्रातनंच येतात."

चुलत्यांनी माना डोलावल्या. काळूराम मात्र गोळ्याकडे टक लावून बघत होता. असे देव त्याने गोदीत खोक्याखोक्यांनी उतरताना पाहिले होते, आणि एकदा एक खोकं फुटलं तेव्हा त्यातला अर्धा देव खाल्लाही होता.

"आत्ये, हे तर..."

"हात जोड."

काळूरामने हात जोडले. जोडता जोडता त्याची नजर आतल्या दाराकडे गेली. तिथे जनी पदराचा बोळा तोंडात कोंबून गदगदत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काळूरामला हसू आवरेना, म्हणून त्याने मान अगदी खाली घातली. त्याची भक्ती बघून ठमाबाईला भरून आलं. लग्न खरं तर तिथेच ठरलं, पण श्रेय दुसऱ्याला गेलं.

वेणूबाई कामाला लागली. तिने करंडा मागवला, निरांजन लावलं, गोळ्याला कुंकू वाहिलं. लालावर लाल, दिसेना; म्हणून आणखी एकदा वाहिलं. आरती कुठली म्हणायची यावर थोडं अडलं, कारण देवाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी गणपतीची म्हटली. तो कशाला रागावत नाही. रावजीनेही टाळ्या वाजवल्या. निरांजनाच्या धगीने गोळ्याच्या एका बाजूला घाम फुटला. ठमाबाईने चुलत्याला कोपराने ढोसलं आणि ते दाखवलं. चुलता घाबरून आणखी मोठ्याने म्हणू लागला.

आरती संपली. वेणूबाईने हळद-कुंकवाची बोटं पदराला पुसली आणि नीराबाईकडे पाहिलं. झालं, मनात म्हटलं. आता ने घरी.

"आता परसाद वाटा," ठमाबाई म्हणाली.

वेणूबाईला काही क्षण कळलंच नाही.

"ह्यो देवापुढं मांडलाय तो नैवेद्यच ना? पंख्यासारका? वाटा की."

इथवर वेणूबाईचा विचार गेला नव्हता. नीराबाईने काप उचलले, प्रत्येकाच्या उजव्या तळहातावर एकेक ठेवला. खायचं म्हणून पुढे केलं असतं तर पहिल्या वासालाच चुलत्यांनी पोट भरल्याचं सांगितलं असतं. पण प्रसादाला नाही कोण म्हणणार? थोरल्या चुलत्याने डोळे मिटून काप तोंडात टाकला. सगळे त्याच्या जबड्याकडे बघत राहिले. तो बराच वेळ हलत होता.

"खारा पेढा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "हाय का आनखी?"

"परसाद दोनदा मागत न्हायत," ठमाबाई म्हणाली आणि स्वतःचा हात पुढे केला.

करवंदं गेली, काजूगर गेले, भोकाची बिस्किटं गेली. धाकटा चुलता म्हणाला की देव मुंबईकडचा दिसतो, नैवेद्याला बिस्किट लागतं. आपण गप्प उभं राहिलो असतो तर पाट भरलाच्या भरला परत गेला असता, हे वेणूबाईच्या लक्षात आलं तेव्हा नीराबाई तिच्यापुढे उभी होती. तिने दोन्ही हातांनी उरलेले काप वेणूबाईच्या रिकाम्या वाटीत ठेवले.

"खा की," ठमाबाई म्हणाली.

"उपास हाय."

"कसला?"

"आजचा."

जनीला बाहेर आणलं. तिला बघायचं कारण आता उरलं नव्हतं, पण रीत म्हणून बघितली. ठमाबाईने रावजीला सांगितलं की देवाचा कौल मिळाला, आपलं काही म्हणणं नाही. मात्र लग्नात ह्याला मांडायचं. रुखवतात. मधोमध.

"मधोमध," रावजी म्हणाला. त्याने खांबाकडे बघितलं नाही.

गाडी रेवसच्या वाटेला लागली तेव्हा वेणूबाई घरी आली होती. वाटी तिने चुलीपाशी ठेवली. विरजण मिळालं नव्हतं. मडक्यावरचं ताट तिने तसंच राहू दिलं.

उन्हं उतरल्यावर रावजी तिच्या अंगणात येऊन उभा राहिला. चीज आहे हे त्याला सकाळपासून ठाऊक होतं. नीराबाईकडून त्यानेच ते सांगून करवलं होतं. तरी आता त्याच्या कपाळावर त्या गोळ्यापुढचं कुंकू होतं.

"येसूनं देव्हाऱ्यात ठेवलाय," तो म्हणाला. "मी म्हटलं, ऱ्हाऊ दे. हरकत काय?"

"काय हरकत," वेणूबाई म्हणाली.

"तू बोललीस म्हनून निभावलं, वेनू. तर मी काय म्हनत व्हतो, लग्नाला यायचं. रुखवताचं नीरा बघंल. तू पन ये."

तू पन. वेणूबाईने ते शब्द सुपातल्या खड्यासारखे बोटाने बाजूला केले. इतकी वर्षं तिच्या नावाला मागे 'पन' कुणी लावलं नव्हतं. लागलं तर इतरांच्या नावाला लागे.

"आनि लाँच?"

रावजीने डोकं खाजवलं. मग त्याला बरं उत्तर सुचलं. "लाँच कडेला लावू की. लाँच कडेलाच लागते."

तो गेला. ओटीवर तिचं सूप तसंच पडलेलं होतं. चिमण्यांनी त्यातले तांदूळ निवडून ठेवले होते.

दिवेलागणीला नीराबाई आली. तिच्या हातात कागदाची पुडी होती, पुडीत थोडी बिस्किटं आणि मूठभर करवंदं. ती आली ती सरळ वेणूबाईच्या पायाशी वाकली.

"काय गं हे?"

"काकी, तुम्ही नसता तर मी मेलेच होते आज. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही माझी लाज राखलीत."

वेणूबाईने काही तरी म्हणायला तोंड उघडलं. जे म्हणायचं होतं ते फार लांबलचक होतं. "असू दे," ती म्हणाली.

"आणि एक सांगू? रागावणार नाही ना? ती शेपटी मी तुमचीच लावली. शेजारच्या केसरला बघायला पाहुणे आले तेव्हा तुमचा मोर पाहिला होता ना, तेव्हापासून डोळ्यांत होती. मला सुचत नाही तसं काही. लग्नाच्या आधी मला मोर शिकवाल?"

वेणूबाई तिच्याकडे बघत राहिली. पोरीच्या चेहऱ्यावर शोधूनही वाकडं काही सापडत नव्हतं.

"डावीकडचं एक बिस्किट भाईर आलं व्हतं," ती म्हणाली.

"हो? मला दिसलंच नाही."

"दिसत न्हाय. दिसायला दिवस जातात."

"मग तेव्हाच सांगायचं ना, काकी."

"सांगायला मला बोलावलं कुठं व्हतं."

नीराबाईने पुडी उंबऱ्यावर ठेवली. "ते माझं चुकलंच," ती म्हणाली आणि पुन्हा वाकायला लागली, तेव्हा वेणूबाईने तिला दंडाला धरून उभं केलं आणि जा म्हणाली, अंधार पडतोय.

घरात रॉकेलची चिमणी लावल्यावर तिने वाटीकडे पाहिलं. काप कडेने जरा तेलकट झाले होते. तिने वास घेतला. कुबट होता, तिला बरं वाटलं. मग एका कापाचा तुकडा मोडून तिने जिभेवर ठेवला, चटकन थुंकता यावा म्हणून पुढेच.

तो विरघळत गेला. आधी मिठासारखा, मग सायीसारखा, मग असा काही की त्याला तिच्याकडे शब्द नव्हता. ती थुंकायची विसरली. चव चांगली होती. एवढं तरी नसायला हवं होतं.

बऱ्याच वेळाने ती उठली. फडताळातली मोराची परात तिने खाली काढली. परात मोठी होती, काप थोडे. म्हणून ती ठेवून तिने अंबाजीचं जेवायचं ताट घेतलं. उरलेले काप पंख्यासारखे उघडले, अर्ध्यावर अर्धा. मागे बिस्किटं, भोकांच्या रांगा एकमेकींना जुळवून. एक जरा बाहेर आलं होतं, ते करंगळीने आत सारलं. मडक्यातलं थोडं दही काढून त्याची मान केली. तुऱ्याला कढीपत्त्याचं पान. डोळ्याच्या जागी लवंग ठेवू लागली, मग थांबली आणि करवंद ठेवलं. करवंद चांगलं दिसत होतं.

तिने पाट मांडून ताट त्याच्यासमोर ठेवलं. पदर सावरून पाटावर बसली, पाहुण्यांनी बसावं तशी, जरा आखडून.

"घ्या," ती हळूच म्हणाली. "लाजू नका."

मोर मोडायला तिचाही हात धजेना.